नवरा विरुद्ध पंतप्रधान: कॅरोलिन नॉर्टनची गोष्ट

नॉर्थ कॅरोलिनात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीचा मध्यंतरी फोन आला होता. तिच्या ओळखीतल्या एका बाईनं नवऱ्याच्या मैत्रिणीवर कोर्टात दावा लावला होता. घटस्फोटाचा वेगळा, आणि हा वेगळा. हिच्यामुळे माझा संसार मोडला, तेव्हा हिनं मला पैशात भरपाई द्यावी, असा. बहिणीला मोठं नवल वाटलं. तुमच्या इंग्लंडात असतं का गं असलं काही, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, अगं, हे सगळं मूळ इथलंच! इथून तिकडे गेलं, आणि इथं कधीच बंद झालं.

अमेरिकेत आज नॉर्थ कॅरोलिना, मिसिसिपी, साउथ डकोटा, युटा अशा मोजक्याच राज्यांत असा दावा लावता येतो. बाकीच्या बहुतेक राज्यांनी तो कायदा मोडीत काढला. ज्या इंग्लंडातून ही कल्पना निघाली, तिथं एकेकाळी असे खटले म्हणजे पेपरवाल्यांची चंगळ असायची. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यात आरोप होता तो देशाच्या चालू पंतप्रधानांवर. पण मला त्या पंतप्रधानांपेक्षा त्या बाईची गोष्ट सांगायची आहे, जिच्यावरून हा खटला झाला आणि जिला त्या खटल्यात तोंड उघडायचा हक्कच नव्हता. तिचं नाव कॅरोलिन नॉर्टन.

कॅरोलिनचा जन्म २२ मार्च १८०८ ला लंडनमध्ये झाला. माहेरचं आडनाव शेरिडन. रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन हा इंग्रजी रंगभूमीवरचा मोठा नाटककार तिचा आजोबा. घराण्याला नाव होतं, पैसा मात्र नव्हता. वडील केप ऑफ गुड होप इथं सरकारी नोकरीवर गेले आणि १८१७ मध्ये तिकडेच वारले. मागे बायको आणि मुलं. राजघराण्याच्या मेहेरबानीनं त्यांना हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राहायला जागा मिळाली. आई कादंबऱ्या लिहायची. तीन मुली, तिघी देखण्या, तिघी बोलक्या, आणि हुंडा द्यायला कवडी नाही. ही परिस्थिती आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घराला वेगळी समजावून सांगायला नको.

थोरली हेलन आणि धाकटी जॉर्जिआना यांची चांगल्या घरी लग्नं झाली. मधल्या कॅरोलिनला जॉर्ज चॅपल नॉर्टन नावाच्या माणसानं मागणी घातली, तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती. तो वकील होता, लॉर्ड ग्रँटलीचा धाकटा भाऊ आणि पुढं पार्लमेंटचा सदस्यही झाला. आईनं तीन वर्षं थांबायला लावलं. ३० जुलै १८२७ ला लग्न झालं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि नवऱ्याची नीटशी ओळखही तिला नव्हती.

संसार सुरू झाला तो वेस्टमिन्स्टरमधल्या स्टोरीज गेट इथं. पार्लमेंटपासून हाकेच्या अंतरावर. नवरा वकिलीत फारसं कमावत नव्हता. डोकं तापट, हात सैल. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मारहाण सुरू झाली. कॅरोलिन लिहायची. १८२९ मध्ये तिचा पहिला कवितासंग्रह आला आणि त्याच्या पैशांवर पहिल्या बाळंतपणाचा खर्च भागला. पुढं ती मासिकं संपादित करू लागली, गाणी रचू लागली, कादंबऱ्या लिहू लागली. घर बऱ्याच अंशी तिच्या लेखणीवर चाले. आणि कायद्यानं ती कमाई होती नवऱ्याची. लग्न झालेल्या बाईची स्वतःची अशी मालमत्ता त्या काळच्या इंग्रजी कायद्यात नव्हतीच. नवरा-बायको म्हणजे एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा.

१८३० मध्ये नॉर्टनची पार्लमेंटची जागा गेली. मग त्यानंच बायकोला सांगितलं की तुझ्या ओळखीपाळखी वापर आणि मला कुठं तरी चिकटव. कॅरोलिननं गृहमंत्र्यांना पत्र घातलं. हे गृहमंत्री म्हणजे लॉर्ड मेलबर्न. वय पन्नाशीच्या आसपास, विधुर, गप्पिष्ट. त्यांनी नॉर्टनला लंडनमध्ये मॅजिस्ट्रेटची नोकरी दिली. वर्षाला हजार पौंड. त्या काळी ही चांगलीच रक्कम होती.

मेलबर्न तिच्याकडे येऊ लागले. दुपारी ऑफिसातून निघाले की वाटेवरच तिचं घर. तिच्या दिवाणखान्यात राजकारणी येत, लेखक येत. ती हुशार होती, हजरजबाबी होती, आणि बाईमाणसानं ज्या विषयावर बोलायचं नाही असा संकेत होता, त्या राजकारणावर ती बेधडक बोलायची. नवऱ्याला या येण्याजाण्याची पूर्ण कल्पना होती. त्याचा फायदा होत होता तोवर त्यानं कधी नाक मुरडलं नाही. १८३४ मध्ये मेलबर्न पंतप्रधान झाले. दरम्यान कॅरोलिनला तीन मुलगे झाले: फ्लेचर, ब्रिन्सली आणि विल्यम.

मारहाण थांबली नव्हती. एकदा ती घर सोडून माहेरच्या माणसांकडे गेलीसुद्धा. नवऱ्यानं माफी मागितली, गयावया केली, मुलांचा विषय काढला, आणि ती परत आली. आपल्याकडे आई-मावशा सांगतात ना, लेकरांसाठी सांभाळून घे. तेच. पण या परत येण्याचा कायद्यानं अर्थ असा होत होता की तिनं झालं गेलं माफ केलं. पुढं छळाच्या कारणावरून विभक्त व्हायचं म्हटलं, तरी ते कारण तिच्या हातातून गेलं होतं.

१८३६ चा ईस्टर. मुलांना घेऊन भावाच्या घरी डॉर्सेटला जायचं ठरलं होतं. नवऱ्याला तिथं बोलावणं नव्हतं. त्यावरून भांडण झालं. कॅरोलिन सकाळी बहिणीकडे गेली असताना नॉर्टननं तिन्ही मुलांना घरातून हलवलं. मुलांची वयं सहा, चार आणि दोन. पुढं त्यांना सरे परगण्यात थोरल्या भावाच्या वाड्यावर नेलं. कॅरोलिन तिथवर गेली. तिला मुलांना भेटू दिलं नाही. वकिलांनी तिला सांगितलं की मुलं कायद्यानं बापाची असतात. आईचा त्यांच्यावर काही हक्क नाही. अंगावर पिणारं तान्हं मूल असलं, तरी नाही.

आणि मग नॉर्टननं पंतप्रधानांवर दावा लावला.

या दाव्याचं नाव होतं क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन. नावावर जाऊ नका. हा फौजदारी गुन्हा नव्हता आणि यात संभाषणाचा काही संबंधही नव्हता. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला म्हणून नवऱ्यानं त्या पुरुषाकडून पैसे मागायचे, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याच्या नजरेत हे शेतात घुसून पीक तुडवण्यासारखं होतं. बायको ही नवऱ्याची, परक्यानं तिचं नुकसान केलं, तेव्हा त्याची किंमत भरून द्या. बायको किती गुणी होती, संसार किती सुखाचा होता, यावरून ज्यूरी रक्कम ठरवायची. बायकोला असा दावा नवऱ्याच्या मैत्रिणीवर लावता येत नव्हता. मामेबहिणीच्या ओळखीतली बाई आज लावू शकते, ही नंतरची सुधारणा.

या दाव्याला आणखी एक कारण असायचं. त्या काळी पुन्हा लग्न करता येईल असा पुरा घटस्फोट मिळवायला तीन पायऱ्या होत्या. आधी हा भरपाईचा दावा जिंकायचा. मग चर्चच्या कोर्टाकडून विभक्त राहण्याचा हुकूम घ्यायचा. आणि शेवटी पार्लमेंटमध्ये स्वतःच्या घटस्फोटापुरता खास कायदा मंजूर करून घ्यायचा. खर्च इतका की श्रीमंतांनीच त्या वाटेला जावं. १८५७ पर्यंत असे सव्वातीनशेच्या आसपास घटस्फोट झाले. त्यात बायकांना मिळालेले किती? फक्त चार.

नॉर्टननं मागितले दहा हजार पौंड. २२ जून १८३६ ला वेस्टमिन्स्टरमध्ये खटला उभा राहिला. सर न्यायाधीश टिंडल. नॉर्टनच्या बाजूनं सर विल्यम फॉलेट, मेलबर्नच्या बाजूनं खुद्द ॲटर्नी जनरल सर जॉन कॅम्पबेल. कोर्ट खचाखच भरलेलं. विरोधी टोरी पक्षाच्या काही मंडळींनी नॉर्टनला फूस लावली आणि सरकार पाडण्याचा हा डाव आहे, असं तेव्हा बरेच लोक मानत.

साक्षीदार कोण होते? कामावरून काढलेले नोकर. त्यात जॉन फ्लूक नावाचा एक कोचमन होता, ज्याला दारूपायी नोकरी गमवावी लागली होती. उलटतपासणीत त्याची अशी काही भंबेरी उडाली की कोर्टात हशा पिकला. सांगितलेले प्रसंगही काही वर्षांपूर्वीचे. लेखी पुरावा म्हणून मेलबर्नच्या दोन-तीन चिठ्ठ्या पुढं आल्या. त्यात होतं काय, तर मी अमुक वाजता येतो, आज जमणार नाही, असला दोन ओळींचा मजकूर. फॉलेटनं त्यातून मोठा गहन अर्थ काढायचा प्रयत्न केला. हे सगळं टिपून घेत बसलेला एक तरुण वार्ताहर होता, मॉर्निंग क्रॉनिकलचा. त्याचं नाव चार्ल्स डिकन्स. त्यानं पुढं पिक्विक पेपर्समध्ये जो लग्नाच्या वचनभंगाचा खटला रंगवला, त्यात जेवणाच्या साध्या चिठ्ठीतून प्रेमाचा पुरावा काढणारा वकील आहे. त्याचं मूळ इथं आहे, असं अभ्यासक मानतात.

रात्री उशिरापर्यंत कामकाज चाललं. ज्यूरी विचार करायला आत गेलीच नाही. जागच्या जागी निकाल दिला: मेलबर्न निर्दोष. कॅम्पबेल त्या रात्री हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेले तेव्हा त्यांच्या बाजूच्या सदस्यांनी आरोळ्या ठोकून स्वागत केलं. मेलबर्नचं सरकार टिकलं. पुढच्याच वर्षी अठरा वर्षांची व्हिक्टोरिया राणी झाली आणि मेलबर्न तिचे सल्लागार, जवळजवळ गुरूच झाले.

आता जरा थांबून बघा. खटला नॉर्टन विरुद्ध मेलबर्न. वादी एक पुरुष, प्रतिवादी दुसरा पुरुष, वकील, न्यायाधीश, ज्यूरी सगळे पुरुष. जिच्या चारित्र्याचा दिवसभर कीस काढला गेला, ती त्या खटल्यात पक्षकारसुद्धा नव्हती. तिला वकील देता येत नव्हता, साक्ष देता येत नव्हती. कोचमन बोलला, मोलकरणी बोलल्या. ती घरी बसून निकालाची वाट बघत होती.

आणि निकाल तिच्या बाजूनं लागून तिला मिळालं काय? दावा फसला म्हणून नवऱ्याला घटस्फोट मिळेना. छळ माफ केलेला, म्हणून तिलाही सुटका मिळेना. मरेपर्यंत ती त्याची बायकोच राहणार होती. पेपरांत नाव घराघरांत पोचलेलं, त्यामुळे कित्येक दारं बंद झाली. मेलबर्ननी स्वतःला सांभाळायला तिच्यापासून अंतर ठेवलं. मुलं नवऱ्याकडे. खटला दोघा पुरुषांत झाला, एक हरला, एक जिंकला, आणि शिक्षा मात्र तिला झाली. मला वाटतं, तिसऱ्या माणसावर लावलेल्या अशा दाव्यांचं खरं रूप या खटल्यात जितकं उघडं पडतं तितकं दुसरीकडे कुठं पडत नाही.

इथं एखादी खचली असती. कॅरोलिन लिहायला बसली. लिहिणं हे एकच हत्यार तिच्याकडे होतं. १८३७ पासून तिनं लहान मुलांवरच्या आईच्या हक्काबद्दल पुस्तिका छापून खासदारांना वाटायला सुरुवात केली. तिनं स्वतःचं रडगाणं गायलं नाही. इतर आयांची मुलं कोर्टानं कशी बापाला दिली, ती प्रकरणं एकामागून एक मांडली. बाईनं कायद्यावर लिहिलेलं कोण वाचणार, म्हणून १८३९ मध्ये पीअर्स स्टीव्हन्सन हे पुरुषाचं टोपणनाव घेतलं आणि लॉर्ड चॅन्सेलरांना उघड पत्र लिहिलं. टॉमस नून टॅलफर्ड नावाचा वकील खासदार तिच्या मदतीला आला. हा डिकन्सचा मित्र. पिक्विक पेपर्स त्यालाच अर्पण केलेलं आहे. त्यानं विधेयक आणलं. एकदा हाउस ऑफ लॉर्ड्सनं ते फेटाळलं. १८३९ मध्ये ते मंजूर झालं.

कस्टडी ऑफ इन्फंट्स ॲक्ट, १८३९. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलांची भेट आईला कोर्टाकडे मागता येईल, असं हा कायदा म्हणत होता. व्यभिचार सिद्ध झालेल्या बाईला मात्र ती सोय नव्हती. आजच्या मानानं हे अगदीच थोडं. पण मूल म्हणजे फक्त बापाची मालकी, या समजुतीला इंग्लंडच्या कायद्यात पडलेली ही पहिली भेग होती.

कॅरोलिनला स्वतःला त्याचा उपयोग किती झाला? जवळजवळ शून्य. नॉर्टननं मुलांना स्कॉटलंडमध्ये आपल्या बहिणीकडे ठेवलं होतं आणि हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. सीमा ओलांडली की कायदा संपला. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून काही तरी आठवल्याशिवाय राहणार नाही. नवरा-बायकोचं बिनसलं, एकानं मुलांना विमानात बसवलं आणि दुसऱ्याच्या हातात एका देशाच्या कोर्टाचा कागद उरला, जो दुसऱ्या देशात चालत नाही, अशी उदाहरणं आपल्या मंडळांतून दबक्या आवाजात ऐकू येतातच. पळवून नेलेल्या मुलांना परत पाठवण्याबाबतचा १९८० चा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. लंडन ते स्कॉटलंड हे अंतर आज लंडन ते मुंबई झालंय एवढंच.

मुलांची भेट तिला हळूहळू, नवऱ्याच्या मर्जीनं मिळू लागली. पण त्याआधी आणखी एक घाव बसायचा होता. १८४२ च्या सप्टेंबरमध्ये यॉर्कशायरमध्ये नॉर्टनच्या जागेवर धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. जखम लहान होती, पण वेळेवर लक्ष दिलं गेलं नाही आणि ती चिघळली. आईला निरोप गेला, ती निघाली. पोचली तेव्हा मूल गेलेलं होतं. नऊ वर्षांचं. त्यानंतर नॉर्टन थोडा नरमला आणि उरलेली दोन मुलं वर्षातला काही काळ आईकडे राहू लागली.

दुसरी लढाई पैशाची. १८४८ मध्ये नॉर्टनला पैशाची गरज पडली. त्यासाठी त्याला कॅरोलिनच्या सहीची जरुरी होती. त्या बदल्यात वर्षाला पाचशे पौंड देण्याचा करार त्यानं लिहून दिला. त्याच वर्षी मेलबर्न वारले. तिला काही मिळत राहावं अशी इच्छा त्यांनी मागे ठेवली होती. १८५१ मध्ये तिची आई गेली आणि आईनंही तिच्या नावे काही उत्पन्न ठेवलं. ते समजताच नॉर्टननं करारातले पैसे द्यायला नकार दिला. तिला उधारी देणाऱ्या दुकानदारांनी मग नवऱ्यावरच दावा केला, कारण लग्न झालेल्या बाईवर दावाही लावता येत नसे. १८५३ च्या ऑगस्टमध्ये कोर्टात नॉर्टनचं म्हणणं असं पडलं की नवरा-बायको कायद्यानं एक आहेत, मग स्वतःशीच केलेला करार बंधनकारक कसा? कायद्यानं ते बरोबरच होतं. भर कोर्टात त्यानं मेलबर्नचं नाव पुन्हा उकरून काढलं. सतरा वर्षांनंतर. मग दोघांची भांडणं टाइम्सच्या पत्रव्यवहारात गाजली.

तिच्या पुस्तकांच्या मानधनावरही त्यानं हक्क सांगितला. तेव्हा तिनं कायद्यावरच्या आपल्या पुस्तिकेत उपरोधानं सुचवलं की आता याही पुस्तिकेचे हक्क नवऱ्यानं मागून घ्यावेत. १८५४ मध्ये तिनं इंग्लंडच्या बायकांना लागू असलेल्या कायद्यांवर पुस्तक काढलं. १८५५ मध्ये राणी व्हिक्टोरियाला उघड पत्र लिहिलं. राणी स्वतः बाई, तिच्या नावानं न्याय चालतो, आणि तिच्याच राज्यात लग्न झालेली बाई कायद्याच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसते, हा विरोधाभास तिनं पानोपानी दाखवला.

१८५७ मध्ये मॅट्रिमोनियल कॉझेस ॲक्ट आला. घटस्फोट पार्लमेंटकडून काढून कोर्टाकडे दिला गेला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची कमाई तिची स्वतःची राहील, विभक्त बाईला वारसा घेता येईल, करार करता येतील, स्वतःच्या नावानं दावा लावता येईल, या तरतुदींमागे कॅरोलिनच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. आणि याच कायद्यानं क्रिमिनल कॉन्व्हर्सेशनचा दावा रद्द केला. संपूर्ण मात्र नव्हे. घटस्फोटाच्या खटल्यातच परपुरुषाकडून भरपाई मागायची सोय नवऱ्याला ठेवली गेली आणि ती इंग्लंडात १९७० च्या कायद्यापर्यंत टिकली. आयर्लंडमध्ये तर मूळ दावाच १९८१ पर्यंत चालू होता. शिवाय नव्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा भेद १९२३ मध्ये गेला.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॅरोलिन आजच्या अर्थानं स्त्रीमुक्तीवाली नव्हती. बायका पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत असं तिनं कधी म्हटलं नाही, उलट पुरुष श्रेष्ठ हे तिनं मान्यच केलं. तिचं मागणं इतकंच की ज्याला श्रेष्ठ मानलं त्यानं अन्याय केला तर दाद मागायला जागा हवी. काहींना हे खटकतं. मला वाटतं, ज्या सभागृहात सगळे पुरुष बसले होते त्यांच्याकडून काही काढून घ्यायचं तर त्यांना पटेल अशाच भाषेत बोलावं लागणार, हे तिला पक्कं कळत होतं.

तिच्या भाग्यात गंमतही होती. नव्या पार्लमेंटच्या इमारतीत हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सभागृहात डॅनिएल मॅक्लीझ या चित्रकारानं न्यायदेवतेचं भित्तिचित्र काढलं, त्यासाठी नमुना म्हणून त्यानं कॅरोलिनचा चेहरा घेतला. तिचं विधेयक एकदा फेटाळणारे लॉर्ड लोक पुढं तिच्याच चेहऱ्याखाली बसू लागले.

थोरला मुलगा फ्लेचर १८५९ मध्ये क्षयानं गेला. जॉर्ज नॉर्टन १८७५ मध्ये मेला तेव्हा ती सुटली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. १ मार्च १८७७ ला तिनं सर विल्यम स्टर्लिंग मॅक्सवेल या जुन्या स्नेह्याशी लग्न केलं. १५ जून १८७७ ला ती वारली. वय एकोणसत्तर. साडेतीन महिन्यांचा संसार. मेल्यावरही लोकांनी तिला सोडलं नाही. १८८५ मध्ये जॉर्ज मेरेडिथच्या एका कादंबरीतली नायिका तिच्यावरून बेतलेली निघाली, आणि सरकारी गुपित विकल्याची एक जुनी खोटी वदंता त्यात पुन्हा आली. ती वदंता निराधार आहे अशी टीप नंतरच्या आवृत्त्यांत घालावी लागली.

आपल्याशी या गोष्टीचा एक धागा आहे. कॅरोलिनची थोरली बहीण हेलन, तिचा मुलगा म्हणजे लॉर्ड डफरिन, १८८४ ते १८८८ या काळातला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. सख्खा भाचा. आणि याच चार वर्षांत मुंबई हायकोर्टात रखमाबाईचा खटला गाजला. दादाजी भिकाजींनी नांदायला येत नाही म्हणून बायकोवर दावा लावला. तिच्या माहेरच्यांनीच तिला अडवून ठेवलंय, असं त्यांच्या बाजूचं म्हणणं. म्हणजे तिसरा माणूस इथंही होता, फक्त तो परपुरुष नसून माहेर होतं. बायकोला कोर्टाच्या हुकुमानं नांदायला लावायचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रात नव्हता, तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातून आला होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईच्या बाजूनं निकाल दिला. अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. ती तुरुंगात जायला तयार झाली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. रखमाबाई लंडनला आली, डॉक्टर झाली. तिनंही आधी पेपरातच लिहिलं होतं, तेही टोपणनावानं. मावशीनं इंग्लंडात ज्याच्याशी झुंज घेतली, तेच भाचा व्हाइसरॉय असताना मुंबईत घडत होतं.

भारतीय दंडविधानातलं ४९७ वं कलम आठवतंय? दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा, तीही नवऱ्यानं तक्रार केली तर. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. बायकोला तक्रारीचा हक्क नाही. मालकाचं पीक तुडवल्याचीच ही कल्पना. ते कलम १८६२ पासून चाललं आणि सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं.

संसार मोडतो तेव्हा कुणावर तरी राग काढावासा वाटतो, हे मी समजू शकते. बाहेरचा माणूस सापडला की सोपं जातं. पैसे मिळाले तर बरंही वाटत असेल. पण कॅरोलिनची गोष्ट वाचल्यावर असा दावा ऐकला की मी आधी विचारते, मुलं कुठं आहेत? ती कुणाकडे आहेत, आणि जिच्याबद्दल हे सगळं बोललं जातंय तिला कुणी विचारलंय का?

लंडनमध्ये मेफेअर भागात चेस्टरफील्ड स्ट्रीटवर तीन नंबरच्या घरावर कॅरोलिन नॉर्टनच्या नावाची निळी पाटी आहे. आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं ती तिथं राहिली. ही पाटी लागली २०२१ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. उन्हाळ्यात आई-बाबा, सासू-सासरे इकडे आले की आपण त्यांना बकिंगहॅम पॅलेस दाखवतो, पार्लमेंटसमोर फोटो काढतो. ग्रीन पार्क स्टेशनवर उतरलात तर ही गल्ली चालत दहा मिनिटांवर आहे. सोबत लेकी-सुना असतील तर त्यांना जरूर घेऊन जा.